सोनाबाईंची लाकडी गाडी

सोनाबाई आमच्या शाळेत शिपाई होत्या. मी चिंचवडला नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात, मधल्या सुट्टीत, त्या हातात एक पत्र्याचा तुकडा आणि रंगाची डबी घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"बाई, तुमचं अक्षर झ्याक हाय. ‘गाडी विकणे आहे’ एवढं लिवून द्या."

मी लिहिलं आणि स्वतःच्या हुशारीने खाली ‘उत्तम स्थितीत’ असंही जोडलं. त्या सावकाश, बोट फिरवत वाचत शेवटपर्यंत आल्या आणि थांबल्या.

"हे पुसा. तुमी गाडी बघितलीय का?"

बघितली नव्हती. मी मुकाट्याने रॉकेलचा बोळा फिरवला.

त्या संध्याकाळी त्यांच्याबरोबर गेले. हमरस्त्याला लागून दहा-बारा बैठ्या घरांची रांग होती, त्यातलं शेवटचं घर त्यांचं. बाजूला कडुनिंबाखाली ती विलायती मोटारगाडी उभी होती. पुढचं तोंड लोखंडाचं, पण दारांपासून मागची सगळी बांधणी लाकडाची. फिकट लाकडाच्या चौकटी आणि त्यांत बसवलेल्या गडद फळ्या. मी तशी गाडी आधी पाहिली नव्हती, पुढेही कधी पाहिली नाही. सोनाबाईंचे यजमान नामदेवराव यांनी ती देहूरोडला लष्कराच्या लिलावात घेतली होती. शिफ्टचे कामगार पिंपरीच्या कंपन्यांत पोचवायचे, लग्नाची वऱ्हाडं न्यायची, अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायचं, अशी नऊ वर्षं त्यांनी ती चालवली. मग एका सकाळी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून ते खाटेवर होते. जीभ जड झालेली. काय म्हणतात ते फक्त सोनाबाईंना कळायचं.

आता रस्ता रुंद होणार होता. घरं पडणार, आणि मिळणार होती ती वरच्या मजल्यावरची एक खोली. खाट जिन्याने वर नेता येईल, गाडी कुठे नेणार?

गिऱ्हाईक आलं की सोनाबाई आधी गाडीची दुखणी दाखवायच्या. मागचं दार उघडून म्हणायच्या, "हितं बोट घाला. भुसा हाय, लाकूड न्हाई." मग गळणारं छत, मग पायाखालचा गंजका पत्रा, ज्याच्या भोकांतून जमीन दिसायची. गिऱ्हाईक इंजिनापर्यंत पोचायच्या आतच पाय काढता घ्यायचं. पिंपरीचे अब्बासभाई मिस्त्री नामदेवरावांचे जुने दोस्त. ते चिडायचे. "अहो भाभी, दोन दिवस द्या. भेगा बुजवतो, रंग मारतो, नवरी करून देतो."

"पावडर लावून पोरगी दाखवली तर चार दिसांनी ती त्वांड धुतीच की ओ, भाई," सोनाबाई म्हणायच्या. "मंग शिव्या कुणाला?"

शाळेत पाणी भरून, वर्ग झाडून दमलेली ही बाई दर रविवारी जवसाच्या तेलाची चिंधी घेऊन त्या फळ्या पुसायची. विकायची गाडी कशाला पुसता, असं मी एकदा विचारलं. "तेल न्हाई दिलं तर लाकूड तडकतं," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नसायची, पण उत्साहही नसायचा. दिवस पुढे ढकलायचा, तशा त्या बोलायच्या.

एक गोष्ट मात्र मला फार दिवसांनी लक्षात आली. मी लिहिलेली पाटी त्यांनी गाडीच्या रस्त्याकडच्या अंगाला बांधली होती. नामदेवरावांची खाट खिडकीशी होती आणि खिडकीतून गाडीची दुसरी बाजू दिसायची. गिऱ्हाईक आलं की सोनाबाई घराचं दार ओढून घ्यायच्या आणि हळू बोलायला लावायच्या. नवऱ्याला त्यांनी सांगितलं होतं, ही सगळी माणसं दुरुस्तीचा अंदाज घ्यायला येतात.

"खरं कधी सांगणार?" मी विचारलं.

"जीव तिच्यात हाय त्यांचा. इकली म्हटलं तर हाय तेवढाबी सोडतील." मग म्हणाल्या, "ह्यो येकच लबाडपणा केलाय बाई म्या. रोज करती."

सहा महिने असेच गेले. घरं पडायला आठवडा उरला असताना चाकणकडचे एक शेतकरी आले, सखारामबापू म्हणून. त्यांना शेतातला माल बाजारात न्यायला गाडी हवी होती. मी तेव्हा तिथेच होते. सोनाबाईंनी नेहमीप्रमाणे भुसा दाखवला, छत दाखवलं. बापूंनी सगळं शांतपणे ऐकलं.

"ताई, इकणारी तुमीच ना? का मला घालवाया बसलाय?" असं म्हणून ते हसले. "लाकडाचं मी बघतो, आमच्या वाडीत सुतार हाय. इंजिन चालतंय का, तेवढं बोला."

इंजिन चालायला हवं होतं. अब्बासभाईंनी हँडल मारलं. पुन्हा मारलं. बापूंनी मारून पाहिलं. गाडी खोकायची आणि गप्प व्हायची. अब्बासभाईंचा सदरा घामाने भिजला. बापूंनी हात झटकले, पागोटं सारखं केलं, आणि आता हेही जाणार हे आम्हाला कळलं.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. जड, ओढलेला, पण आम्हा सगळ्यांना कळेल असा.

"चोक... आर्धा. आर्धाच वढ... मंग मार."

सोनाबाई होत्या तिथेच खाली बसल्या. अब्बासभाईंनी चोक अर्धा ओढला, हँडल मारलं, आणि गाडी सुरू झाली.

व्यवहार ठरला. बापू भला माणूस, निघताना घरात जाऊन नामदेवरावांना म्हणाले, "उचलून बसवू का एकदा? फाट्यापर्यंत चक्कर मारू."

नामदेवरावांनी डावा हात हलवला. "नगं. आता... तुमची हाय." आणि सोनाबाईंकडे बघून काहीतरी पुटपुटले. त्या पदर तोंडाशी धरून बाहेर आल्या.

पुढच्या आठवड्यात ते नव्या खोलीत गेले. तिथे नामदेवराव दीड वर्ष जगले. सोनाबाईंनी त्या दीड वर्षात एकही रजा घेतली नाही. ते गेले तेव्हा पाच दिवसांची घेतली. चौथ्या दिवशी मी भेटायला गेले. जिना चढून वर आले तर त्या धुतलेली खाट भिंतीशी उभी करत होत्या. बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती जळत होती. आम्ही खाली बसलो. मग मी विचारलं, त्या दिवशी ते काय म्हणाले होते?

"म्हनले, पैल्या दिसापास्नं ठावं हाय." सोनाबाईंनी गुडघ्यावर हात ठेवले. "म्या दार वढून घ्याया लागले, तवाच वळखलं त्यांनी. मला वाटायचं बाई, मी त्यांना जपती. सहा महिनं रातदिस तेच मला जपत हुते. मला खोटं बोलू देत हुते."

त्यांनीच माझ्या पाठीवर हात फिरवला, जणू दुःख माझं होतं. मग जमिनीला हात टेकून उठल्या.

"उतरा आता. जिन्यात दिवा न्हाई, अंधार पडल. मलाबी परवा शाळा हाय."