शनिवारच्या तासांबद्दलचं निनावी पत्र

नववीच्या पुस्तकात एका नाटकाचा एकच प्रवेश होता, चार पानांचा. नवरा बायकोला आडून आडून प्रश्न विचारायला लागतो, तेवढाच. पुढं काय होतं ते पुस्तकात नव्हतं आणि मुलांना नेमकं तेच हवं होतं. म्हणून मी अख्खं नाटक मिळवलं. शनिवारचे शेवटचे दोन तास आम्ही भूमिका वाटून घेऊन ते वाचू लागलो.

आमची शाळा महाळुंग्यातली. वर्गातली निम्मी मुलं जुन्या गावकऱ्यांची, निम्मी मराठवाड्यातून कंपन्यांत कामाला आलेल्यांची. नाटक परमुलखातलं, कितीतरी जुनं. एक शूर सरदार, त्याची बायको, आणि सरदाराच्या मर्जीतला एक माणूस, जो रोज थोडे थोडे त्याचे कान भरतो. बायकोचा काही दोष नसतो. मला वाटलं होतं, मुलांना हे सगळं लांबचं वाटेल. दुसऱ्याच शनिवारी मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हा म्हणजे बायकोचा फोन चेक करणारा नवरा."

वर्ग हसला. मीही हसले आणि म्हणाले, "ज्याला संशय घ्यायचाच असतो, त्याला पुरावा कुठंही सापडतो. बायको बोलली तरी पुरावा, गप्प बसली तरी पुरावा."

हे वाक्य मला जसंच्या तसं आठवतं, कारण पुढच्या बुधवारी ते मी मुख्याध्यापकांच्या टेबलावर वाचलं. चौकटीच्या कागदावरचं पत्र होतं, खाली सही नव्हती. नववीच्या बाई मुलींना घराविरुद्ध शिकवतात, असा मजकूर होता आणि पुराव्यादाखल माझं ते वाक्य शब्दशः उतरवलेलं.

"सही नाही म्हणून मी काही करत नाही, मॅडम," मुख्याध्यापक म्हणाले. "पण नाटक जरा आवरतं घ्या. गाव आहे शेवटी."

"कुणी लिहिलं असेल, सर?"

"ते शोधायच्या भानगडीत पडू नका."

ते घंटेचं बघायला बाहेर गेले, तेवढ्यात मी पत्राचा मोबाईलवर फोटो काढला.

त्यानंतर मला वर्गातला प्रत्येक चेहरा वेगळा दिसायला लागला. कोण हसतंय, कोण शेजारच्याच्या कानाशी लागतंय, याच्यावरच नजर. लवकरच ती एका मुलीवर स्थिरावली. खिडकीजवळ बसणारी, गावातल्या जुन्या घरातली. वडील शाळा समितीवर होते. सरदाराच्या बायकोची भूमिका मी तिलाच दिली होती आणि ती फार छान वाचायची. पण मी बोलायला लागले की तिची वही उघडलीच म्हणून समजा. "लिहू नका, ऐका," असं किती वेळा सांगितलं तरी ती मान डोलवायची आणि लिहीतच राहायची. आधी मला त्याचं कौतुक वाटायचं.

निबंधाच्या वह्या तपासायला मी ताथवड्याला घरी आणल्या. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिची वही उघडली आणि शेजारी मोबाईलवर तो फोटो मोठा करून ठेवला. 'ल' जुन्या वळणाचा, हल्लीची मुलं काढत नाहीत तसा. अनुस्वाराचा ठिपका नाही, बारीकसं वर्तुळ. दोन्हीकडं अगदी सारखं. माझ्या नवऱ्यानं विचारलं, "इतकं काय शोधतेस?" मी म्हणाले, "शुद्धलेखन." का कोण जाणे, त्याला खरं सांगावंसं वाटलं नाही.

शनिवारी मी तिची भूमिका काढून दुसऱ्या मुलीला दिली. "आज तू नुसती ऐक," म्हणाले, "आणि वही दप्तरात टाक." तिनं काही विचारलं नाही. वही आत ठेवली आणि मान खाली घातली. मान खाली घातली, हेही मी मनात नोंदवून ठेवलं. पुढच्या शनिवारीही तेच. चर्चा मी बंदच केली होती. नुसतं वाचन चालायचं आणि मी प्रत्येक शब्द तोलून बोलायचे.

मग एका मंगळवारी मधल्या सुट्टीत तिची आई आली. अंगात कंपनीच्या कॅन्टीनचा निळा कोट, गळ्यात ओळखपत्र. शिक्षक खोलीच्या दारातच उभी राहिली.

"बाई, पोरीचं काय चुकलं का?"

"का हो?"

"दोन शनवार झालं, वहीत काहीच लिवून आणत न्हाई. मला म्होरचं ऐकायचं हाय."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. तिला स्वतःला धड वाचता येत नव्हतं. शनिवारी संध्याकाळी ती भाकरी करायची आणि मुलगी चुलीशेजारी बसून, नाटकात काय झालं आणि बाई काय म्हणाल्या, ते सगळं वहीतून वाचून दाखवायची. त्यासाठी ती वही भरत होती.

तरीही माझा संशय पुरता गेला नव्हता. मी विचारलं, "घरात अजून कोण ऐकतं हे?"

तिनं ओळखपत्राची नाडी बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "तुमच्याकडं पत्र आलं का, बाई?"

मी मान डोलवली.

"त्यांनीच लिवलंय. भायेरच्या खोलीत त्यांना समदं ऐकू जातं. मी कॅन्टीनला लागल्यापासनं आमच्यात ह्येच चाललंय. कंपनीची गाडी उशिरा आली, का आली. कुणासंगट बोलत हुतीस. त्यांना वाटलं, आमी मायलेकी मुद्दाम त्यांना ऐकवतोय."

"मारतात का तुम्हाला?"

"न्हाई. हात न्हाई उचलला कधी. निस्तं इचारत्यात. रोज."

आणि ते अक्षर? मला विचारल्यावाचून राहवलं नाही. ती म्हणाली, पहिलीत असताना पाटीवर हात धरून मुलीचं अक्षर त्यांनीच वळवलं होतं.

शाळा सुटल्यावर मी मुलीला थांबवून घेतलं. "ते पत्र तू लिहिलंस असं मला वाटलं," मी म्हणाले. "माझं चुकलं."

"मला माहीत होतं, मॅडम."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर पप्पांचं नाव घ्यावं लागलं असतं."

मी एवढंच म्हणाले, "शनिवारी तुझी भूमिका तू घे."

ती नको म्हणाली. "मला नवऱ्याची द्या. तिचं मला कळतं. त्याचं नाही कळत."

शेवटचा अंक तिनं वाचला. आवाज चढवला नाही. बायकोला मारायच्या आधी तो तिला एकामागून एक प्रश्न विचारतो, ते सगळे प्रश्न तिनं अगदी साधे, जेवायला काय आहे विचारावं तसे विचारले. समोरच्या मुलीला उत्तरं वाचता येईनात.

सहामाहीनंतरच्या पालकसभेला तिचे वडील आले. पांढरा शर्ट, हातात गाडीची किल्ली. मुलीचे गुण बघितले, चांगले आहेत म्हणाले, पण खुर्चीवरून उठेनात.

"ते नाटक झालं का पुरं?"

"झालं."

"पोरगी शेवट सांगत न्हाई घरी. म्हणती, मॅडमना इचारा." ते टेबलाकडं बघत बोलत होते. "त्याला कळतं का शेवटाला? ती तशी नव्हती म्हणून?"

"कळतं," मी म्हणाले. "पण तोवर ती गेलेली असते."

त्यांनी दोनदा मान हलवली. पत्राचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. ते गेल्यावर वाटलं, काढायला हवा होता. पण काय बोलणार होते मी? पुरावे जुळवायला मीही बसले होतेच.

तिची आई अजून कॅन्टीनलाच आहे. घरातले प्रश्न थांबले का, असं मी मुलीला एकदा विचारलं. "कमी झालेत," ती म्हणाली.

वर्षअखेरीला मुख्याध्यापकांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मॅडम, त्या पत्राचं पुढं काही कळलं का?"

"नाही, सर."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. त्यांचा विश्वास बसला नसावा.