तिघांचा चहा

मुलगा गेल्यावर त्याचा मोबाईल मी बंद केला नाही. त्यात त्याचे फोटो होते, म्हणून रोज चार्जिंगला लावायची. सुरुवातीला मित्रांचे, कंपनीतल्या लोकांचे फोन येत होते, हळूहळू तेही थांबले. मग एके दिवशी मी शाळेतून येऊन हातपाय धूत होते तेव्हा तो वाजला.

पलीकडे एक मुलगी होती. कोल्हापुरात एका जुन्या बंगल्याचं हॉटेल झालंय, तिथून बोलत होती. येत्या रविवारी दुपारी चहाचं बुकिंग आहे, तिघांचं, सरांनी काही महिन्यांपूर्वीच करून ठेवलेलं, ते नक्की करायचं होतं. मी त्यांची आई बोलतेय, असं म्हटल्यावर ती अडखळली. आईवडिलांना आधी कळू द्यायचं नाही असं सरांनी बजावलं होतं आणि तिनंच गुपित फोडलं, याचं तिला वाईट वाटत होतं. नंतर कळवते म्हणून मी फोन ठेवला.

रविवारी आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. माझ्या ते ध्यानातही नव्हतं.

मुलगा कोल्हापुरात एका कारखान्यात इंजिनिअर होता. तिथंच खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी मोटरसायकलवरून मुरगूडला घरी यायचा. अशाच एका शनिवारी कागलच्या अलीकडं हायवेवर ट्रकनं त्याला मागून उडवलं. आम्ही पोचलो तेव्हा काही उरलं नव्हतं. माझ्या यजमानांनी पोटच्या पोराला अग्नी दिला, पण डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गोठ्यात गेले, म्हशींच्या धारा काढल्या आणि डेअरीला दूध घालून आले. त्याच्याविषयी ते घरात बोलत नसत. मी विषय काढला की उठून जात.

फोनचं मी त्यांना जेवताना सांगितलं. जाऊबाई वाढत होत्या. अजून वर्षश्राद्ध व्हायचंय आणि हॉटेलात केक खायला जाणार का, असं त्यांनी तोंडावर विचारलं. मलाही जायचं नव्हतं. सकाळी फोन करून नाही म्हणून सांगते, असं मी म्हटलं. ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

"पोरानं बोलावलंय," ते म्हणाले. "न्हाय कसं म्हणायचं?"

रविवारी त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि टोपी घातली. मी शाळेत नेसते तसलीच सुती साडी नेसले. एसटीनं कोल्हापूर गाठलं आणि स्टँडवरून रिक्षा केली. बंगला संस्थानच्या काळातला, साहेबलोकांच्या मुक्कामासाठी बांधलेला. दगडी कमान, रुंद व्हरांडा, वेताच्या खुर्च्या. आतल्या भिंतीवर काचेच्या डोळ्यांचं गव्याचं मुंडकं लावलेलं होतं. फोनवरची मुलगी स्वतः पुढं आली, तिनं नमस्कार केला आणि व्हरांड्याच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी आम्हाला नेलं. तीन खुर्च्या होत्या आणि तीन कप उपडे ठेवलेले होते.

"सर मागनं येतायत का?" तिनं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी उत्तर दिलं. "कामात अडकलाय. यील. तुम्ही आणा."

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते बागेतल्या माळ्याकडं बघत होते.

चहा आला. तीन थरांचा एक स्टँड होता. खाली काकडीची सँडविच, मधे खाऱ्या पुऱ्यांसारखं काहीतरी आणि वर बोटभर लांबीचे केक. माझ्यासाठी किटलीत कोरा चहा, दूध-साखर वेगळी. ह्यांच्या पुढं मात्र दुधात उकळलेला, आलं घातलेला दाट चहा ठेवला. मुलगी सांगू लागली, की आईला अंडं चालत नाही म्हणून सगळं बिनअंड्याचं करायला सरांनी सांगितलं होतं, आणि बाबांना हा पातळ चहा आवडणार नाही, त्यांना घरच्यासारखा द्या, असंही.

ह्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घालून प्याले आणि बरोबर झालाय म्हणाले. मग सँडविच खाल्लं, आणखी एक घेतलं. इतक्या दिवसांत मी त्यांना असं चवीनं खाताना पाहिलं नव्हतं. वरच्या थरातला एक केक उचलून त्यांनी तिसऱ्या बशीत ठेवला. तो मी तिथंच राहू दिला. खरं तर मीसुद्धा मधूनमधून कमानीकडं बघत होते.

शेजारच्या टेबलावर एक वयस्कर जोडपं बसलं होतं, शहरातलं, बोलकं. कुणाची वाट बघताय का, असं त्या बाईंनी सहज विचारलं. ह्यांनी खुर्चीच त्यांच्याकडं वळवली. मुलगा यायचाय, त्यानंच हे सगळं ठरवलंय, आज आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे, असं सांगितलं. मुलगा इंजिनिअर आहे, साहेब त्याच्यावर खूश आहेत, पुण्याला जातो म्हणतोय पण मी नको म्हणतोय. त्यातलं काही खरं होतं, शेवटच्या शनिवारच्या आधी बापलेकांत झालेलं बोलणं होतं. काही त्यांनी तिथल्या तिथं रचलं. घरात दोन शब्द न बोलणारा माणूस थांबायला तयार नव्हता.

लग्नाचं बघताय का, बाईंनी विचारलं.

"बघतोय की. शिकलेली पायजे म्हणतोय."

बाईंना आनंद झाला. त्यांची भाची कुरुंदवाडची, फार्मसी झालेली, स्थळं बघणं चालू होतं. त्यांनी मोबाईलवर तिचा फोटो उघडून पुढं केला. ह्यांनी आधी नॅपकिनला हात पुसले, मग मोबाईल दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ बघत राहिले. चांगली आहे म्हणाले. मलाही बघायला लावलं. नदीच्या घाटावर उभी असलेली, वेणी पुढं घेतलेली मुलगी होती. हसत होती.

तुमच्या मुलाचाही फोटो दाखवा की, बाई म्हणाल्या.

"दाव की," हे मला म्हणाले. "तुझ्याकडं हाय न्हवं."

त्याचा मोबाईल माझ्या पर्समध्येच होता. माझा हात पर्सवर गेला. फोटो दाखवला असता तर त्या बाईंनी नंबर घेतला असता, घरी जाऊन भाचीच्या आईला फोन केला असता, त्या पोरीला कुणीतरी त्याचं नाव सांगितलं असतं. मला ते पुढचं सगळं दिसलं.

"आमचा मुलगा गेला, ताई," मी म्हणाले. "हायवेला अपघात झाला."

बाईंचा मोबाईल अजून ह्यांच्या हातात होता. बाईंच्या यजमानांनी उठून तो हळूच काढून घेतला आणि हात जोडले. बाई रडायला लागल्या होत्या. ते त्यांना घेऊन आत गेले, त्यांचा चहा तसाच राहिला. हॉटेलची मुलगी हातात केक घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं असावं. ती आल्या पावली मागं फिरली.

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. इतक्या रागानं त्यांनी उभ्या जन्मात माझ्याकडं पाहिलं नव्हतं.

"तुला काय घाई हुती?" ते म्हणाले. "चहा तरी संपू द्यायचा."

मी त्या फोटोतल्या परक्या पोरीचं बोलले, असं खोटं किती लांबवायचं हेही बोलले. त्यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही. टोपी सारखी करून ते उठले आणि कमानीबाहेर जाऊन उभे राहिले. मुलीनं केक खोक्यात बांधून आणला होता. माझ्याच्यानं तो घेववला नाही. तिनं माझा हात धरला, आणि मीही मग तिथंच, त्या गव्याच्या मुंडक्याखाली, लहान पोरासारखी रडले. ते बाहेरच थांबले होते.

त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले. म्हशीचं, दुधाचं, पेंडीचं. जाऊबाई म्हणाल्या, मी सांगितलं होतं जाऊ नका. पुढं ते दर बाजारी गडहिंग्लजला जायला लागले. घ्यायचं काही नसे, विकायचं काही नसे. म्हशींच्या बाजारात बसून संध्याकाळी परत येत. मन रमत असेल म्हणून मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात एक म्हैस बघायची म्हणून मीही बरोबर गेले. बाजाराच्या तोंडाशी एका बाईंची चहाची गाडी आहे, तिथं आम्ही थांबलो. बाई ह्यांना चांगल्या ओळखत होत्या.

"पावणं, आज जोडीनं आलासा?" असं म्हणून त्या माझ्याकडं वळल्या. "ल्योक कसा हाय? पुण्यात गेला म्हणं. जागा मिळाली का ऱ्हायला?"

हे खाली बघत होते. बशीतला चहा त्यांनी तोंडाला लावला नव्हता.

"मिळाली," मी म्हणाले. बाई अजून माझ्याकडं बघत होत्या, म्हणून मी पुढं म्हणाले, "बरा हाय. दिवाळीला यील."