हडंब्याच्या पट्ट्याची चोरी

बायको गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर हरभऱ्याची भाजी निवडत बसलो होतो. ती म्हणली, "ती पट्ट्याची केस सांगा."

"शंभरदा ऐकली तू."

"पण दरवेळी मला गाळता."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. आता न गाळता लिहितो. केस जशीच्या तशी डोळ्यापुढं आहे. शिक्षण माझं सातवी, चुकलं तर सुधारून वाचा.

घनसावंगीकडं मी बीट जमादार होतो. दसरा नुकताच झाल्ता, सोयाबीनची काढणी जोरात. तिशीतला एक हडंबेवाला ठाण्यात आला. हडंबा म्हणजे ट्रॅक्टरवर चालणारं मळणीयंत्र. त्याचा रबरी पट्टा आठ दिवसांत दुसऱ्यांदा चोरीला गेल्ता. संशय शेजारगावच्या हडंबेवाल्यावर. ठाणे अंमलदारानं अर्ज घेऊन माझ्याकडं दिला.

संशयिताला बोलावलं. तो दोन चहा प्याला आणि म्हणला, "जमादार, माझ्या मशीनचं माप येगळं. चोरायचाच तर कामाचा न्हाई का चोरणार?" माप घेतलं, त्याचं म्हणणं खरं निघालं. सोडून दिला.

घरी जेवताना बायकोला बोललो. ती म्हणली, "गिरणीवर बाया बोलत होत्या. ज्याचा पट्टा गेला, त्याची आई त्याच दिवशी देवळात नारळ फोडून आली. पोराचं काम बंद आणि ही नारळ फोडते?"

असली खबर मला एकाही खबऱ्यानं कधी दिली न्हाई.

सकाळी अर्ज देणाऱ्याच्या घरी गेलो. अंगणात कोंबड्या एका लोखंडी जाळीखाली झाकल्या होत्या. पिवळा रंग, कडेला चार भोकं. कोंबड्या झाकायचं डालगं बांबूचं असतं, लोखंडाचं मी पहिल्यांदाच बघितलं.

"ही कुठली रे?"

"मशीनचीच. दसऱ्याला धुवून पूजा केली तवा काढल्ती. परत लावायची राह्यली."

"म्हणजे पट्टा उघडाच फिरतो?"

"कुणी हात घालतंय व्हय त्यात?" तो हसला. हसताना मान वर झाली आणि गळ्याभोवती लाल वळ दिसला.

त्याला पंच बोलवायला पाठवलं आणि म्हातारीपाशी बसलो.

"आजी, त्याच्या गळ्याला काय झालं?"

"घाम पुसायची दस्ती गळ्यात टाकून चालू मशीनवर वाकला. पट्ट्यानं ओढली. फाटली म्हणून वाचला. सांगितलं न्हाई त्यानं, मी वळ बघितला. जाळी लाव म्हणलं तर म्हणतो, उद्या लावीन. चार उद्या झाले."

"पट्टे कुठंयत?"

तिची नजर जाळीकडं गेली. आत टोपलीत एक खुडूक कोंबडी बसल्ती. मी हात घातला, तिनं बोट फोडलं. अंड्यांखाली भुसा, भुशाखाली दोन्ही पट्टे.

म्हातारीनं हात पुढं केले. "घाला बेड्या. पण पट्टा परत दिला तर मी परत चोरीन. आताच सांगून ठेवते."

सगळ्या नोकरीत इतका साफ जबाब मी घेतला न्हाई.

पोरगा आला, त्यानं पट्टे उचलून बघितले. "माय, तू?"

"मंग? तुझ्यासाठी दुसरं कोण चोरणार?"

तो अर्ज मागं घेतो म्हणला. मी म्हणलो, घे, पण पट्टे आज माझ्याकडं राहतील.

चोरीत आधी फायदा कुणाचा ते बघा, असं आम्हाला शिकवलेलं. इथं फायदा कुणाचाच नव्हता. नुकसान कुणाचं टळलं, हेही बघायचं असतं, ते मी या केसमधी शिकलो. आणि मशीनची पूजा करणाऱ्याला मशीनची भीतीही पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टे घेऊन खळ्यावर गेलो. आधी ट्रॅक्टरची चावी काढून खिशात टाकली. त्याला पट्टा चढवायला लावला, वर जाळी बसवायला लावली, गळ्यातली नवी दस्ती बाभळीला टांगायला लावली. चारही नट त्यानं पान्यानं आवळले. मी हलवून बघितले.

"सरा," म्हातारी म्हणली. तिनं एकेक नट स्वतः हलवला, परत एकदा हलवला.

मंग मी चावी पोराला दिली न्हाई. तिच्या हातात दिली.