कृपया कोणीही हात लावू नये

"हा डाग दिसतोय?" डॉक्टरांनी छातीच्या फोटोवर पेनाचं टोपण टेकवलं. "उजव्या फुप्फुसात, वरती. शेंगदाण्याएवढा."

"दिसतोय की," ताई म्हणाली. "तिकीट पंच केल्यासारखा."

डॉक्टर हसले नाहीत. ताईनं आयुष्यभर बसमध्ये कंडक्टरकी केली होती. गर्दीला हसवलं की गर्दी पुढे सरकते, हे तिच्या अंगात मुरलेलं. पण इथे खोलीत तिघंच होती. डॉक्टर, ताई आणि तिची धाकटी बहीण.

"याआधी छातीचा फोटो कधी काढला होता?"

"नऊ वर्षं झाली. रिटायर व्हायच्या आधी तपासणी करतात ना, तेव्हा. इथेच, तुमच्याच हॉस्पिटलात."

"मग तो मला हवा. डाग तेव्हाही एवढाच असेल, तर जुना व्रण आहे, विसरून जा. तेव्हा नसेल, तर नवा आहे. नवा म्हणजे ऑपरेशन. आणि तुमच्या हृदयाची अवस्था बघता..." डॉक्टरांनी वाक्य तिथेच सोडलं.

"आणि फोटो मिळालाच नाही तर?" धाकटीनं विचारलं.

"तर तीन महिने थांबून परत काढायचा, वाढलाय का ते बघायचं. पण मला थांबायचं नाहीये."

"मिळेल. ते सगळे फोटो माझ्याकडेच आहेत," धाकटी म्हणाली.

यात फुशारकी नव्हती. त्याच हॉस्पिटलच्या तळघरात, जिथे पंख्यांची घरघर कधी थांबत नाही आणि उन्हाळ्यातही स्वेटर लागतो, तिथे ती कॉम्प्युटर विभागात होती. लोकांना दिसणारे रंगीत पडदे ती बनवत नसे. त्यांच्याही खाली, मशीन फाइली ठेवतं, उघडतं, हलवतं, तिथले प्रोग्रॅम तिचे. विभागातली पोरं तिला 'घूस' म्हणायची. तोंडावरही म्हणायची, आणि ती ओ द्यायची.

आई गेली तेव्हा धाकटी शाळेत होती. ताईनं तिला बसच्या शेवटच्या सीटवर बसवून वाढवलं. डेपो ते डेपो, मांडीवर दप्तर, खिडकीच्या कडेला टेकवलेली गणिताची वही. लग्न दोघींनीही केलं नाही. "मला सुट्टे देताना वेळ मिळाला नाही," ताई सांगायची, "आणि हिला कॉम्प्युटरनं मागणी घातली."

डॉक्टरांच्या खोलीतून धाकटी थेट तळघरात गेली. जुन्या सर्व्हरवरचे सगळे फोटो तिनं नुकतेच नव्यावर आणले होते, तिनंच लिहिलेल्या प्रोग्रॅमनं. नव्यावर तिनं ताईचं नाव टाकलं.

काही नाही.

मग तो महिना शोधला. तो महिनाच नव्हता. त्याच्या पुढची कित्येक वर्षंही नव्हती. ती वर्षं कुठे गेली हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. फोटो आणताना काही फाइलींपाशी मशीननं "पाथ फार लांब" असं सांगून हात वर केले होते. पाथ म्हणजे अगदी बाहेरच्या फोल्डरपासून त्या फाइलीपर्यंतचा अख्खा पत्ता. अशा वेळी अडून राहायचं नाही, ते सोडून पुढे जायचं, असं तिनंच प्रोग्रॅमला शिकवलं होतं. एका फाइलीसाठी सगळी गाडी कशाला थांबवायची? मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं होतं, "राहिलं किती?" तिनं आकडा काढलाच नव्हता. "नगण्य," ती म्हणाली होती. त्या एका शब्दावर जुना सर्व्हर मोडीत निघाला होता. उद्या सकाळी भंगारवाले येऊन त्याच्या डिस्कना भोकं पाडणार होते.

तिनं जुना सर्व्हर उघडला. पहिल्याच फोल्डरचं नाव होतं 'जुन्या महिन्याचं सगळं कृपया कोणीही हात लावू नये'. आत शेवटच्या एका महिन्याचे फोटो, आणि त्यांच्या शेजारी आणखी एक फोल्डर. 'जुन्या महिन्याचं सगळं कृपया कोणीही हात लावू नये'. त्याच्या आत परत तेच. आणि परत तेच.

तिनं कपाळावर हात मारला आणि फोन लावला. एक्स-रे काढणारे फोटोकाका दोन महिन्यांपूर्वी रिटायर झाले होते.

"बोला बाई! माझ्याशिवाय चालेना ना?"

"काका, हे फोल्डरमध्ये फोल्डर काय करून ठेवलंय तुम्ही?"

"व्यवस्थित ठेवलंय! महिना संपला की नवा फोल्डर करायचा आणि मागचं सगळं उचलून त्याच्या पोटात टाकायचं. टेबलावर कसं, एकच फोल्डर. स्वच्छ!"

"आणि नाव?"

"एका शहाण्यानं एकदा अख्खा महिना पुसला होता. तेव्हापासून नावातच पाटी लावली. परत कोणाची हिंमत झाली नाही."

"तुम्हाला तरी उघडत होते का ते?"

"खालचे उघडायचे बंद झाले होते. मशीन नाही म्हणायचं. पण बाई, नऊ वर्षांपूर्वीचा फोटो मागतो कोण? मी एकही टाकला नाही हं, शप्पथ."

"टाकला नाहीत काका. पुरलात."

"अहो, असं काय बोलता?" काकांचा आवाज उतरला. "कोणाचा हवाय?"

"ताईचा," असं म्हणून तिनं फोन ठेवला. त्या म्हाताऱ्याला आणखी ऐकवण्यात अर्थ नव्हता.

गोम अशी होती. मशीनला पत्ता एका दमात सांगायचा, तर त्याला मर्यादा असते. त्यापलीकडे ते ऐकूनच घेत नाही. पण भरलेला फोल्डर उचलून दुसऱ्यात ठेवताना मशीन फक्त त्याचं दार बघतं. आतल्या खोल्यांचे पत्ते त्यामुळे किती लांबले, हे मोजत नाही. काका दर महिन्याला घराबाहेर एक नवं घर बांधत गेले होते. आत शंभराच्या वर खोल्या, प्रत्येकीवर तीच लांबलचक पाटी, आणि देवनागरी अक्षरं तर मशीनच्या मोजणीत इंग्रजी अक्षरांच्या तिप्पट जागा खातात. नऊ वर्षांपूर्वीची खोली तळाशी होती आणि तिचा पत्ता उच्चारणंच शक्य नव्हतं.

मग पत्ता सांगायचाच नाही. पहिलं दार उघडायचं, ते हातात धरायचं, आणि मशीनला एवढंच विचारायचं, हे जे मी धरलंय, त्याच्या आतलं पुढचं दार दे. इतका छोटा प्रश्न मशीन नाकारत नाही. धाकटीनं छोटासा प्रोग्रॅम लिहिला, तिथल्या तिथे. तो दणादण खाली उतरत गेला आणि मध्येच कोसळला. ती चिडून पडद्याकडे बघत राहिली. मग लक्षात आलं, आपण एकही दार सोडलेलं नाही. एका वेळी किती दारं उघडी धरावीत, यालाही मशीनच्या मर्यादा असतात. पुढचं हातात आलं, की मागचं सोडायला हवं.

"अजून इथेच?" साहेब दारात उभे. "उद्या माणसं येणार आहेत. एका फोटोसाठी मी त्यांना थांबवणार नाही हं."

"एक नाही, साहेब. काही वर्षांचे आहेत."

"तूच तर नगण्य म्हणालीस!"

"चुकीचं म्हणाले."

साहेबांनी तिच्याकडे, मग घड्याळाकडे पाहिलं. "संध्याकाळपर्यंत बघ," म्हणत ते जिना चढून गेले.

चारच्या सुमाराला ताई आली, हातात डबा आणि अंगावर धाकटीचाच जुना स्वेटर. खुर्ची ओढून शेजारी बसली.

"सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. काय चाललंय?"

"तुझ्याकडेच येतेय. खाली उतरत."

"अगं, मग घंटी मार ना! डबल बेल!"

धाकटी हसली. नव्यानं चालवलेला प्रोग्रॅम आता दार उघडत होता, मागचं सोडत होता, प्रत्येक खोलीत ताईचं नाव शोधत होता. पडद्यावर तीच पाटी पुन्हा पुन्हा सरकत होती. ताई ती मोठ्यानं वाचायला लागली, थांब्यांची नावं पुकारावीत तशी. "कृपया कोणीही हात लावू नये... कृपया कोणीही..." मग तिचा हात आपोआप छातीवर गेला आणि ती वाचायची थांबली.

पडदा स्थिर झाला. ताईचं नाव. खाली एक फाइल.

धाकटीनं ती बाहेर ओढून घेतली, सगळ्यांत वरच्या जागी ठेवली आणि नाव दिलं 'ताई'. बस्स. मग उघडली.

नऊ वर्षांपूर्वीची ताई पडद्यावर आली. बरगड्या, त्यांच्यामागे दोन्ही फुप्फुसं, मध्ये हृदय. धाकटीनं उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग मोठा केला. आणखी मोठा केला. शेजारी आजचा फोटो लावला, बरगड्या मोजल्या, परत मोजल्या.

"किती स्वच्छ आहे गं!" ताई म्हणाली. "डाग कुठे दिसतोय? काही नाहीये!"

धाकटीनं तिसऱ्यांदा बरगड्या मोजल्या.

ताईचं हसू हळूहळू उतरलं. तिनं चष्मा काढला, स्वेटरला पुसला, परत लावला.

"म्हणजे नवा," ती म्हणाली.

"हो."

पंखे घरघरत होते. डबा तसाच बंद.

"समज, तुला हा सापडलाच नसता."

"तर ते तीन महिने थांबले असते."

"तीन महिने मी मजेत घालवले असते." ताईनं पडद्याकडे बघतच विचारलं, "उद्या ते लोक या डिस्कना भोकं पाडणार आहेत, म्हणालीस ना फोनवर?"

"ताई, नको."

"मी काही म्हटलं का? विचारलं नुसतं."

धाकटीचा हात कीबोर्डवर होता. ती फाइल पुसायला एक बोट पुरलं असतं. उद्यानंतर कोणी विचारलंही नसतं. नगण्यात एक वाढलं असतं, एवढंच. ताई तिच्या हाताकडे बघत होती. धाकटीला तो हात उचलताही येईना आणि दाबताही येईना.

शेवटी ताईच उठली. पदर खोचला, डबा उघडून धाकटीच्या पुढे सरकवला.

"खा आधी. मग पाठव त्यांना. आणि चेहरा असा करू नकोस, मी शेवटच्या थांब्याआधी उतरवून देत नाही कोणाला."

धाकटीनं फोटो डॉक्टरांकडे पाठवला. मग प्रोग्रॅममधलं ताईचं नाव काढून टाकलं, म्हणजे आता तो वाटेतल्या प्रत्येक खोलीतलं सगळंच उचलून बाहेर आणणार होता. तो सुरू करून तिनं पहिला घास घेतला. पडद्यावर अनोळखी नावं येऊ लागली, एकामागून एक. ताई खुर्ची जवळ ओढून त्यांच्याकडे बघत बसली. तिनं या वेळी एकही नाव मोठ्यानं वाचलं नाही.

थोड्या वेळानं टेबलावरचा फोन वाजला. डॉक्टरांचा होता. दोघींनीही लगेच उचलला नाही.