सासूबाईंची उंच विळी

नात म्हणते, "आज्जी, ऑनलाइन शिकवणं तुला काय कळणार?" बाई गं, नव्वदचं दशक संपता संपता मी सांगलीत डिझाइनच्या मुलांना तसंच शिकवत होते, आणि तेही असा तोरा मिरवत, जणू इंटरनेट माझ्या माहेरून आलंय.

कॉलेजात फोनची जोडणी एकच, ती ऑफिसातून काढून माझ्या लॅबला दिलेली. प्राचार्य म्हणाले, "बाई, यातनं पोरं काय शिकली ते परीक्षेच्या दिवशी दाखवा. नाहीतर लाइन ऑफिसला परत."

साताऱ्यात माझ्या सासूबाईंचे गुडघे धरलेले, विळीवर खाली बसवेना. ठरलं असं: आमच्या मुलांनी त्यांच्यासाठी उंच विळी योजायची, साताऱ्याच्या कॉलेजातल्या मुलांनी ती बनवून त्यांच्याकडे न्यायची. बोलणं सगळं ईमेलवर. चित्र पाठवलं की लाइन तुटायची, म्हणून नुसते शब्द, तेही रोमन लिपीतल्या मराठीत.

आम्ही विळी टेबलाच्या कडेला बसवायला सांगितली. "चुकायला जागाच नाही," मी वर्गात जाहीर करून टाकलं. सासूबाईंचा निरोप आला: "विळी नाचते. पाय कुठं ठेवू?"

विळी पायाखाली दाबून धरतात, हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं. मला कुठून सुचणार? मी ओट्याशी उभी राहून सुरीनं चिरणारी, वर सासूबाईंना सुरीचे फायदे ऐकवणारी शहाणी.

मग घरोघरच्या विळ्या मागवल्या आणि सगळ्यांना लॅबच्या फरशीवर बसवलं. मीही बसले. आटपाडीची एक पोरगी कोबीशी झुंजता झुंजता म्हणाली, "आवं मॅडम, पाय न्हाई तर बूड ठिवूया की फळीवर. मग कशी हालंल?"

झालं. बाकच करायचा, त्याच्या पुढच्या टोकाला पातं. बसणाऱ्याच्या वजनानं विळी जागची हलणार नाही. शब्दांत लिहिताना पोरं घामाघूम झाली, पण साताऱ्याच्या मुलांनी वाचून बाक बरोबर बनवला.

परीक्षेच्या दिवशी प्राचार्य मॉनिटरपुढे खुर्ची टाकून बसले. निरोप त्यांनीच अडखळत वाचला: "सुरण चिरून झाला. गुडघ्यांची तक्रार नाही. आता फणस पाठवा."

लाइन आमच्याकडेच राहिली. सुट्टीत सासूबाई त्या बाकावर बसून शेजारणीला सांगत होत्या, "आमच्या सूनबाईच्या पोरांनी केलाय."

मी ऐकू न आल्यासारखं केलं. म्हटलं, पुन्हा सांगू देत.