तेलकट कागदांवरचा तलाव

आमच्या हिच्या मामांइतका हट्टी माणूस सिहोऱ्याच्या पंचक्रोशीत झाला नाही, आणि सरकारी नकाशाला तोंडावर खोटं म्हणणारा तर सबंध भंडारा जिल्ह्यात दुसरा नसेल. दरवर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते दोरी आणि खुंट्या घेऊन गावतलावाला फेरी घालत, पाणी कुठवर आहे ते मोजून कागदावर काढत आणि त्या कागदाला जवसाचं तेल चोळून तो आरपार दिसेलसा करत. घरात भाजीला तेल उरत नसे. मामी म्हणत, "तलाव जेवते, आमी पायतो." पाहुण्याला मामा आधी खिडकीच्या काचेपाशी उभं करत. "जवाई, सत्तर सालावर एकोणऐंशी ठेवा. आता पंचाहत्तर मधात सरकवा." दोन काठ जुळत नाहीत, हे कबूल केल्याशिवाय मला त्यांनी कधी जेवायला पाटावर बसू दिलं नाही.

पुढे तालुक्याहून एक साहेब आले. तलावाकाठची जमीन पूर्वीपासून कोरडीच आहे, ती वाटून टाकू, असं त्यांचं म्हणणं. ती वाटली की तलाव निम्मा राहणार आणि गावच्या धानाचं शेवटचं पाणी तुटणार. मामांनी खिडकी चौकटीसकट उपटली, बैलबंडीत घातली आणि ग्रामपंचायतीत नेऊन उभी केली.

"तुमचा नकाशा एका वर्साचा, साहेब. हे कागद तुमच्याच हातानं ठेवा."

साहेब वैतागले, पण ठेवू लागले. एकेक वर्ष चढत गेलं तसा तलाव त्यांच्या डोळ्यांदेखत आकसत गेला. पंचाहत्तरच्या कागदावर त्यांचं बोट थांबलं. सत्तर साली जिथे पाणी होतं, तिथे धानाच्या बांधीचा, म्हणजे भातखाचराचा, एक चौकोन होता.

"ही बांधी कोणाची?"

सगळ्या गावाला ठाऊक होतं. दारात मामी उभ्या होत्या.

"माही," मामा म्हणाले. "लपवाची असती तं काढली काहून असती? मोडाची तं तिच्यापासूनच सुरू करा."

संध्याकाळच्या आत त्यांनी स्वतः कुदळीने बांधीचे धुरे, म्हणजे कडेचे बांध, फोडले. मग काठ दाबून बसलेल्या बाकीच्यांनीही आपापले धुरे फोडले आणि वाटणी बारगळली. घरचा सगळ्यात चांगला धान त्याच बांधीत पिकायचा. मामींनी वर्षभर अबोला धरला.

मामा गेले, त्या वर्षी दसऱ्यानंतर दोरी घेऊन मीच फिरलो. मामींनी न सांगता तेलाची वाटी पुढे केली. उपटल्यापासून कधी नीट न बसलेल्या त्या खिडकीवर मी सत्तरचा कागद धरला, त्यावर नवा ठेवला, आणि पाण्याची रेघ रेघेवर आली.

"जुळले, मामाजी," मी म्हणालो.

मामींनी पाट मांडला.