काचेकडे पाठ

मुलुंडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी बूथवाले काका बसतात. एसटीडीची पिवळी पाटी उतरून जमाना झाला, आता तिथे मोबाईलची कव्हरं लटकतात, पण नाव तेच राहिलं. पूर्वी दर रविवारी मी तिथून गावी आईला फोन लावायचो. आत कुणी बोलायला लागलं की काका काचेकडे पाठ करून पेपर वाचायचे. त्यांना काही ऐकू येत नाही, असं आम्ही सगळेच धरून चालायचो.

हल्ली लोक त्यांना संशयास्पद मेसेज दाखवायला येतात. काका चष्मा कपाळावर सरकवतात आणि एवढंच विचारतात, "घाई कुणाला आहे? तुला की त्याला?"

आई आता माझ्याकडेच असते. मागच्या महिन्यात ती चालू फोन हातात घेऊन काकांकडे धावली. फोनवर हुबेहूब माझा आवाज रडत होता, "आई, पोलिसांनी धरलंय, पैसे पाठव."

काकांनी फोन घेऊन बंद केला. "तो तुम्हाला आई कधीपासून म्हणायला लागला? बूथमध्ये तर इतकी वर्षं 'वहिनी, मी बोलतोय' असंच ऐकलं मी."

खरं होतं. गावच्या घरात सगळे दीर तिला वहिनी म्हणायचे, तेच आम्हा मुलांच्या तोंडी बसलं.

संध्याकाळी मी विचारलं, "वहिनी, तुला कसं कळलं नाही गं?"

"संशय आलेला रे," ती म्हणाली. "पण आई म्हणाला ना तो. मग फोन ठेववेना."